अकराव्या मिनिटाला

अकराव्या मिनिटाला कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, तेव्हा त्याने पाठकोऱ्या कागदावर पाचवी रेघ ओढली. पहिल्या खेपेला बारा मिनिटं, मग अकरा, अकरा, साडेदहा, अकरा. गजर लावून ठेवल्यासारखं.

बायको गेल्यापासून तिच्या कामाच्या टेबलाशी तो पहिल्यांदाच बसला होता. त्याने स्वतः तीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळला. कॉम्प्युटर दुरुस्त करायचं काम तिचं, आणि ते याच खोलीत चालायचं. त्याच्याकडे फक्त टॉर्च धरायचं काम असे, तेही धड जमत नसे.

"टॉर्च हलवू नका हो," ती म्हणायची. "बॉयलर नाही हा, वाकून वाकून बघायला."

समोरची कॉम्प्युटरची पेटी वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंची होती. मदरबोर्ड जळला म्हणून त्यांनी ती आणून दिली होती. बायकोने नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर थंड ठेवणारा नवा कूलर बसवला आणि पेटीवर पट्टी चिकटवून लिहिलं, 'ग्रंथपाल, १४ मार्च'. सोळा तारखेला ती दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. बाई महिन्याने येऊन पेटी घेऊन गेल्या आणि काल संकोचत परत घेऊन आल्या. "तापतो आणि बंद पडतो," म्हणाल्या. "पण घाई नाही हं."

सकाळी मेहुण्याचा फोन आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, बाजारात त्याचं कॉम्प्युटरचंच दुकान. बाईंनी त्याच्याही कानावर घातलं होतं.

"भावोजी, ती पेटी उघडू नका. संध्याकाळी येतो न्यायला."

"मी बघतोय."

"तुम्ही काय बघणार? शिट्टी वाजते का ते?"

तो हसला नाही.

"वाईट वाटून घेऊ नका, पण ताईचं शेवटी शेवटी लक्ष राहत नव्हतं. काहीतरी राहिलं असेल तिच्या हातून."

"तिचं काम राहत नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

म्हणून संध्याकाळच्या आत दोष सापडायला हवा होता, आणि तो तिचा नसायला हवा होता.

मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. त्याने एकेक काढून पाहिली. पेटीला वीज पुरवणारा डबा बदलला. जुना पण चालणारा एक कपाटात होता. मदरबोर्डखालच्या पितळी खुंट्या मोजल्या. एखादी जास्तीची राहिली तर बोर्डाला खालून टेकते, हे त्याने तिच्या तोंडून ऐकलं होतं. बरोबर नऊ खुंट्या होत्या, नऊ भोकांखाली. तिचं काम. त्याला बरं वाटलं.

पेटी चालू होताना एक बटण दाबून धरलं की स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान दिसायचं, तेही त्याला माहीत होतं. त्याने सहाव्यांदा पेटी चालू केली आणि आकड्यावर नजर लावून बसला. साठ. बहात्तर. पंच्याऐंशी. प्रोसेसरवर बसवलेल्या कूलरचा पंखा जोरात फिरत होता. त्याने सवयीने त्याच्या वाऱ्यात हात धरला.

वारा गार होता.

त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. ब्याण्णव. पुन्हा हात धरला. गार. पेटी बंद पडताच त्याने कूलरच्या पत्र्यांना बोट लावलं. उन्हात ठेवलेला पेलासुद्धा याहून गरम लागला असता.

तो खुर्चीत मागे टेकला. आता त्याला मजा वाटू लागली होती. हे तर त्याचंच दुखणं होतं. बॉयलरच्या नळ्यांना आतून क्षाराचा थर बसला की असंच व्हायचं. भट्टी लालबुंद आणि पाणी कोमट. आग कमी नसते, पाणीही कमी नसतं. मधे काहीतरी आलेलं असतं.

प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधे काय येणार?

स्क्रूड्रायव्हर घ्यायला त्याने कपाट उघडलं आणि तिथेच थांबला. दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या चौकोनी फिल्म रांगेने चिकटवल्या होत्या. नव्या कूलरच्या तळाला अशी फिल्म येते. ती आधी सोलून काढायची, मग कूलर बसवायचा. काढलेली फिल्म ती दारावर लावायची आणि त्यावर गिऱ्हाईक आणि तारीख लिहायची. दारावर आली म्हणजे पेटीत राहिली नाही. सगळ्या काचेसारख्या स्वच्छ होत्या. शेवटची होती 'छापखाना, २ मार्च'.

ग्रंथपालांची नव्हती.

त्याने चार स्क्रू सोडवले, कूलर हळूहळू डावीउजवीकडे फिरवत उचलला. तळाला फिल्म होती. उष्णतेने तिच्या मधोमध एक पांढरा चौकोन उमटला होता.

चौदा तारखेला तिने त्याला तीनदा विचारलं होतं, दूध आणलं का. तिसऱ्यांदा तो म्हणाला होता, "कितीदा सांगू?" ती पुन्हा या टेबलाशी येऊन बसली होती.

त्याने फिल्म सोलली. उष्णता कूलरपर्यंत नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, ती लावायची तशी, वाटाण्याएवढी. कूलर बसवला. पेटी चालू केली. अकरा मिनिटं झाली. वीस झाली. आकडा एक्केचाळीसवर बसला होता. हाताला ऊबदार वारा लागत होता. चाळीस मिनिटं त्याने हात काढला नाही.

मग त्याने फिल्म पुसली, दारावर रांगेच्या शेवटी चिकटवली आणि पेन उघडलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्याने पाहिलं नाही. लिहिलं, 'ग्रंथपाल, १४ मार्च'.

मेहुणा आला तेव्हा पेटी चालूच होती. त्याने वाकून आकडा पाहिला, भुवया उंचावल्या.

"काय होतं?"

"पंख्याची वायर. ने-आण करताना ढिली झाली असेल."

"ताईने फिल्म..."

"दारावर आहे की. बघ."

मेहुणा कपाटापाशी गेला. रांगेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत आला. शेवटच्या फिल्मवर, पांढऱ्या चौकोनावर, त्याचं बोट थांबलं. पंखा फिरत होता.

"पंख्याच्या वायरी ढिल्या होतात," तो शेवटी म्हणाला. "बाईंनाही तेच सांगतो."

त्याने कपाटाचं दार हळूच लोटलं आणि खुर्ची ओढून घेतली.

"भावोजी, वायरच होती हे तुम्हाला कळलं कसं?"

"वारा गार होता," तो म्हणाला. "बस. चहा टाकतो, मग सांगतो."