सगळ्यांनी मिळून ढकललेलं घर

मी एक जुनं कुलूप आहे, मित्रांनो, पण दाराचं किंवा तिजोरीचं नव्हे. मोटारीला जोडून न्यायचं चाकांचं घर असतं ना, कॅरव्हॅन, तिच्या पुढच्या दांड्याच्या टोकाला एक लोखंडी वाटी असते. मोटारीच्या मागचा गोळा त्या वाटीत बसला की घर निघालं प्रवासाला. ती वाटी बंद करणं हे माझं काम. माझ्या पोटातला गोळा तिच्यात भरतो, वरून पट्टा बसतो, आणि मग परक्या मोटारीचा गोळा आत शिरूच शकत नाही. दिसायला मी ओबडधोबड. पिवळा रंग निम्मा उडालाय आणि अंगावर ओरखडे आहेत.

कारखान्यात मला लालभडक तापवून तेलात बुडवलं, तेव्हा वाटलं, आता जगात आपल्याला तोडणारं कुणी नाही. तरुणपणाची घमेंड, दुसरं काय! खरं तर कापायच्या यंत्रापुढे मीही पाच-दहा मिनिटांत हात टेकतो. पण त्या पाच मिनिटांची किंमत मला आता कळते.

मला विकत घेतलं वीब्रेनने. फ्रीसलंड प्रांतात कालव्यावरच्या पुलाचा तो राखणदार होता. बोट आली की पूल उचलायचा, गेली की खाली आणून अडसर लावायचा, आणि लावलेला अडसर पुन्हा एकदा हलवून बघायचा. असा माणूस मालक म्हणून मिळणं हे कुलपाचं भाग्यच. दर उन्हाळ्यात तो आणि त्याची बायको हिंके ड्रेंट प्रांतातल्या पाइनच्या जंगलात, कॅरव्हॅनवाल्यांच्या तळावर मुक्काम ठोकायचे, बावीस वर्षं त्याच जागी, बर्चच्या झाडाखाली. कॅरव्हॅन जागेवर लागली की चहासुद्धा न घेता वीब्रेन मला वाटीवर चढवायचा, किल्ली फिरवायचा आणि माझ्या पाठीवर दोनदा थाप मारायचा. ती थाप हीच माझी वर्षभराची कमाई.

मग वीब्रेनचं डोकं त्याला दगा देऊ लागलं. आधी नावं गेली, मग वार गेले. जिने चढणं नको म्हणून हिंकेने गावातलं घर सोडून लिफ्टच्या इमारतीत जागा घेतली, आणि तिथे तो पुरता हरवला. स्वयंपाकघर शोधत शेजाऱ्यांच्या दारात उभा राहायचा. पण कॅरव्हॅनमध्ये शिरला की तोच माणूस वेगळा व्हायचा. न बघता हात पुढे जायचा आणि कप बरोबर हातात यायचा. काड्यापेटी, चष्मा, अंथरूण, सगळं जिथल्या तिथे.

"इथे तो आजारी नसतो रे," हिंके एकदा शेजारच्या लामर्टला म्हणाली. "हे घर आहे तोवर माझा नवरा आहे, असं समज."

लामर्ट पाण्याच्या नळांची कामं करून निवृत्त झालेला, तळावर कुंपणापलीकडच्या कॅरव्हॅनमध्ये राहणारा, मनाने मोठा आणि तोंडाने त्याहून मोठा. त्याच्यावर राग धरावा असं मला अजूनही वाटत नाही, आणि तीच माझी अडचण आहे.

त्या उन्हाळ्यात वीब्रेन मला दिवसातून चाळीस वेळा बघायला येऊ लागला. जेवताना उठायचा, अंघोळीला निघालेला परत फिरायचा. एकदा किल्ली कुठेतरी ठेवून विसरला. दोन दिवसांनी ती कॉफीच्या डब्यात सापडली. हिंके त्याच्यामागे धावून धावून थकली.

"काढून टाक ते भूत," लामर्ट म्हणाला. "इथे चोर कोण आहे? मी? की समोरच्या मास्तरीणबाई?"

"तसं नाही, त्याची सवय आहे."

"सवय तुझा जीव घेईल. इतक्या वर्षांत इथून कुणाची बादली गेलेली नाही, हिंके. कुलूप बघितलं की मलाच चोरासारखं वाटतं."

लाजेने म्हणा किंवा थकव्याने, तिने मला काढलं. तंबूच्या खुंट्या ठेवायच्या बादलीत मी फडक्याखाली जाऊन पडलो. वीब्रेन आला, त्याने रिकामी वाटी चाचपली आणि हाक मारली, "हिंके, पूल उघडा आहे."

"असू दे. आता पूल दुसरं कुणी बघतं. तू ये, कॉफी घे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तो प्रत्येकाला अडवून सांगायचा, पूल उघडा आहे, आणि लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने हसायचे. त्या तळावर खरं बोलणारा तो एकटाच होता, मित्रांनो, आणि वेड्यात निघाला तोही तोच.

शनिवार आला. शनिवारी तळावर जुने निघतात, नवे येतात. तिथली रीत अशी की कुणी निघालं की आजूबाजूचे सगळे हात लावायला धावतात. कॅरव्हॅन वाळूत रुतलेली असते, चार जणांशिवाय हलत नाही. न बोलावता जो जातो तो चांगला शेजारी.

सकाळी हिंके आणि वीब्रेन त्यांच्या दोन जणांच्या सायकलवरून गावच्या बाजारात मासे खायला गेले. ती पुढे, तो मागे. लामर्ट तेव्हा नळावर भांडी घासत होता, त्याला ते दिसले नाहीत. थोड्या वेळाने एक करडी मोटार येऊन उभी राहिली. चाळिशीतलं जोडपं, कपडे स्वच्छ, बोलणं मऊ. बाईने दारावरची नावांची पाटी वाचली.

"वीब्रेनची भाची का तुम्ही?" लामर्टनेच विचारलं.

"हो."

"एकदम आलात... त्याला काही झालं का?"

बाईने मान खाली घातली. "बरं नाहीये हो मामाला. आता पुन्हा इथे येणं काही व्हायचं नाही."

बघा, खोटं बोलायचे कष्टसुद्धा तिला पडले नाहीत. सगळी गोष्ट लामर्टनेच तिच्या ओंजळीत घातली. रात्रीच वीब्रेनला दवाखान्यात नेलं असणार, असं त्याने धरलं, आणि त्याचे डोळे भरून आले. "चला रे, हात लावा," त्याने हाक दिली, "वीब्रेनसाठी." पाच जण धावले. पुढचा तंबू उतरवला, चाकांखालचे ठोकळे काढले. मास्तरीणबाईंनी वाटेत खायला सफरचंदाचा केक बांधून दिला. एक, दोन, तीन म्हणत त्यांनी बावीस वर्षांचा संसार वाळूतून वर काढला, आणि वाटी त्या परक्या गोळ्यावर टक्कन बसली. तो आवाज मी फडक्याखालून ऐकला. मी जागेवर असतो तर निदान कुणीतरी म्हणालं असतं, "किल्ली कुठे आहे? हिंकेला फोन करून विचारू या." माझ्याच्याने याहून जास्त कधी होत नाही. मी चोराला अडवत नाही, मी भल्या माणसाला विचार करायला वेळ देतो.

"तंबू आणि ही बादली?" लामर्टने विचारलं.

"राहू दे, नंतर नेऊ," पुरुष म्हणाला, आणि ते निघाले. वळणापर्यंत सगळे हात हलवत होते.

बाराच्या सुमाराला सायकल परत आली. लामर्ट वीब्रेनकडे बघतच राहिला.

"तू बरा आहेस?"

"मस्त," वीब्रेन म्हणाला. "मासे चांगले होते."

हिंकेची नजर बर्चखालच्या पिवळ्या पडलेल्या गवताच्या चौकोनावर गेली. ती ओरडली नाही. "लामर्ट, माझं घर कुठे आहे?" तिने विचारलं.

"वीब्रेनची भाची आली होती ना... आम्हीच ढकललं, हिंके."

"त्याला भाची नाही."

तोवर वीब्रेन त्या चौकोनापाशी पोचला होता. जिथे पायरी असायची तिथे त्याने बूट काढले, नीट शेजारी शेजारी ठेवले, आणि आत चढायला पाय उचलला. पाय हवेत गेला आणि तो गुडघ्यांवर पडला. पाचही जणांनी तोंडं फिरवली.

पोलीस आले. त्यांनी विचारलं, कुलूप होतं का? हिंके म्हणाली, नव्हतं. कॅरव्हॅन आजवर सापडलेली नाही. लामर्टने आपली कॅरव्हॅन त्यांना राहायला दिली, स्वतः तंबूत झोपला. पण तिथे वीब्रेनचा हात कपासाठी पुढे गेला की भिंतीवर आपटायचा. दुसऱ्या दिवशी तो हिंकेला हळूच म्हणाला, "हे लोक परत यायच्या आत निघू या. दुसऱ्याच्या घरात किती वेळ बसायचं?" मग ते निघालेच.

मित्रांनो, शेजाऱ्यांवर विश्वास ठेवा, पण विश्वास आहे म्हणून कुलूप काढू नका. पाव आणायला जात असलात तरी लावून जा. ढकलायला हात लावण्याआधी मालकाला एक फोन करा. आणि एखादा म्हातारा पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल, तर एकदा तरी उठून बघून या.

पानगळ सुरू झाल्यावर लामर्ट त्या लिफ्टच्या इमारतीत आला. त्याने मला घासूनपुसून, तेल घालून आणलं होतं. टेबलावर ठेवून म्हणाला, "तुझं आहे, हिंके. मी विचारायला हवं होतं."

"काढलं तर मीच होतं," ती म्हणाली.

वीब्रेनने मला उचललं. बावीस वर्षं ज्या हातांना माझा प्रत्येक ओरखडा ठाऊक होता, त्या हातांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि पाहुण्याची वस्तू ठेवावी तसं अदबीने खाली ठेवलं.

"छान आहे," तो म्हणाला. "काय असतं हे?"

हिंके उठून खिडकीपाशी गेली. लामर्ट त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसला. "हे बघ, हा गोळा वाटीत बसतो. वरून हा पट्टा. मग किल्ली फिरवायची. म्हणजे आपलं घर कुणी नेत नाही."

वीब्रेनने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग लामर्टच्या गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मग तू लावत जा हं ते. लोक विसरतात."

"हो," लामर्ट म्हणाला. "लावत जाईन."