टाकीचं झाकण

सारजाला नाग चावला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. आम्ही दोघं नवरा-बायको म्हशींसाठी कडवळ कापत होतो. कळंबच्या डॉक्टरांनी तिचा पाय पाहिला, पापण्या पाहिल्या आणि म्हणाले, "लस इंदापुरात मिळेल. हिला बोलती ठेवा, झोपू देऊ नका." एसटी नुकतीच गेली होती. मी सारजाला उपरण्यानं पाठीशी बांधलं आणि डिझेल बुलेटला किक मारली.

या गाडीचा मला भलता गर्व. डिझेलची मोटरसायकल आमच्या भागात माझीच, आणि तिला पाना लावायचा तो फक्त मीच, या बिरूनं. रोज दोन किलोमीटरवर दूध घालायला जायचो, कधी अडली नव्हती. आज अडली. पाच किलोमीटर जेमतेम झाले असतील.

टाकीतलं डिझेल इंजिनच्या पंपाला पोचत नव्हतं. झाकण उघडून पाहिलं, टाकी काठोकाठ भरलेली. म्हणजे नळीत हवा धरली. पंपावरचा नट सैल केला, बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू दिलं, नट आवळला. चौथ्या किकला सुरू झाली. मला वाटलं, जिंकलो.

निमगाव केतकीच्या अलीकडं पुन्हा तेच. पुन्हा झाकण उघडलं, डिझेल पाहिलं, हवा काढली, निघालो. पाठीमागं सारजा म्हशींची नावं घेत होती, मीच तिला घ्यायला लावली होती. नावं आता जड येत होती.

निमगाव मागं पडलं आणि गाडी तिसऱ्यांदा मेली. एक जीप माणसांनी लगडलेली आली. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो तरी वळसा घालून गेली. शिव्या देत मी फिल्टर उपसला, पुसला, बसवला. सारजाला बाभळीला टेकवलं होतं.

"अवो," ती म्हणाली, "झाकान उघडलं की चालती ती."

"काय?"

"दोन्ही येळला... उघडलं, मंग..."

"गप बस! तुला काय कळतंय त्यातलं?"

ती गप बसली. मी नट सैल केला आणि किका मारत राहिलो. पंपातून थेंब येईना. नडगी सोलली, सायलेन्सरला हात भाजला, थेंब येईना. शेवटी रडकुंडीला येऊन झाकण फिरवलं. सुस्स करून टाकीनं हवा ओढली, आणि पंपाच्या नटातून डिझेल आपणहून माझ्या बोटांवर वाहू लागलं.

झाकण उलटं करून पाहिलं. टाकीत हवा जायचं बारीक छिद्र साबणानं बुजलेलं; हवा आत गेली नाही की डिझेल खाली उतरत नाही. परवा मीच बुजवलं होतं. त्यातून डिझेल हिंदकळून दुधाच्या किटलीवर उडायचं, दुधाला वास येतो म्हणून डेअरीवाले दूध परत करायचे. मग मी अंगाच्या साबणाचा बोळा ठासला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. दोन किलोमीटरच्या फेरीत काही जाणवलं नाही.

"सारजे, तुझंच खरं गं!" मी ओरडलो.

वळून तिच्याकडं पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले होते.

झाकण शेतात भिरकावलं, तिला बांधलं आणि उघड्या टाकीनं सुटलो. डिझेल मांड्यांवर उडत होतं, कातडी चुरचुरत होती. गाडी कुठंच थांबली नाही. "बोल, सारजे. म्हशीचं नाव घे. मला शिव्या दे, पण बोल." पाठीवर तिचा श्वास लागत होता, आधी मोजता येईल इतका, मग त्याहून कमी.

इंदापूरच्या दवाखान्यात तिला उचलून आत नेलं. तोंडात नळी घातली, एक नर्स हातानं रबरी फुगा दाबत तिला श्वास देऊ लागली. लस सुरू करून डॉक्टरांनी मला विचारलं, "बोलणं कधी थांबलं? नेमकं सांगा."

"निमगावच्या फुडं. मी गप बस म्हनलो, तवापास्नं."

"म्हणजे तिला बोलता येत नव्हतं, की तुम्ही म्हणालात म्हणून ती गप्प बसली?"

हात डिझेलनं माखलेले होते. ते फक्त तिलाच ठाऊक होतं.