घर आढळलं न्हाई

अठ्ठ्याण्णव साली आमच्या तालुक्याच्या कचेरीत कंप्युटर आला. खोली गार, दाराला पडदा, पायताणं भाईर. देवाला पण आमी एवढं जपलं न्हाई. 'सरकारी काम आन सा म्हैनं थांब' आता संपलं, दाखला मिनटात मिळणार, असं सायेब सांगत सुटला हुता.

माझ्या लेकीला, अपेक्षाला, सांगलीच्या वसतिगृहात जागा हुती, पण रहिवासी दाखला पायजे. न्हाई मिळाला तर पोरगी मेंढरांमागं. मी तिला शब्द दिलेला, माझा जीव टांगणीला लागला.

आमी मेंढरं राखणारी माणसं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं, मेढ्याच्या डोंगरापल्याड कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला माघारी. सायबानं कायमचा पत्ता विचारला, मी हाय ते सांगितलं. त्यानं बटणं दाबली. म्हणाला, हिंडत्या माणसाला यात जागाच न्हाई, तलाठी घर बघंल. तलाठी आला तवा आमी डोंगरापल्याड. त्यानं लिवलं, घर आढळलं न्हाई. आवं, घर माझ्यासंगं गेलं हुतं की!

माघारी आल्यावर खेटे घालून पायताणं झिजली. शेवटी माझी आई, हरणाबाई, भडकली. सायबाला घर बघायचंय न्हवं, मग दावू म्हणाली. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या पटांगणात बिऱ्हाड उतरलं. घोडं, कुत्री, कोंबड्या, सगळी मेंढरं. आईनं तीन दगडांची चूल मांडली आन आत निरोप धाडला, घर आलंय, बघून जावा.

सायेब काय भाईर आला न्हाई. पण ज्या यंत्रात आमाला जागा नव्हती, त्यातनं खरोखर मिनटात कागद निघाला. शिपायानं आणून दिला, अपेक्षानं वाचला. हरणाबाई व कुटुंब, राहणार तहसील कचेरीचे आवार, यांनी अतिक्रमण ताबडतोब हटवावे. खाली सही, शिक्का.

आईनं चुलीतलं जळण मागं वढलं. पायताणं दारात काढली आन नोटीस घिऊन गार खोलीत शिरली.

"सायेब, आमी हितं ऱ्हातो असं तुमीच लिवलंय. आता रहिवासी दाखला द्या, मंग उठतो."

सायबानं कागद उलटापालटा केला. सही त्याचीच हुती.

अपेक्षा सांगलीला गेली. तिच्या दाखल्यावर पत्ता त्योच हाय, कचेरीचं आवार. आमी बाकीची माणसं अजून कंप्युटरात न्हाई. तिथं जागा पायजे तर आदी अतिक्रमण करावं लागतं.