हौशाने काढलेली साहेबांची वरात

मी कोपरगावच्या पर्यटन खात्यातला सर्वांत अनुभवी माणूस बोलतोय. आता गावात तसलं खातं नाही, आणि मी माणूस नाही, घोडा आहे. पण अनुभवाचं तेवढं खरं धरा. नाव माझं हौशा, टांगा बन्सीचा.

माझा जन्म शेवगावच्या बाजाराला जाताना वाटेतच झाला. म्हणजे प्रवासाची आवड उपजतच. शिंगरू असतानाच बन्सीनं मला घेतलं आणि अंगात बळ आल्यावर शाळेच्या टांग्याला जुंपलं. पोरी सुटेपर्यंत मी खिडकीशी उभा राहायचो. तिसरीपर्यंतचे पाढे मला पाठ आहेत. चौथीचा वर्ग मागच्या बाजूला होता, त्यामुळे माझं शिक्षण तिथंच खुंटलं.

लगीनसराईचं शिक्षण मात्र पुरं झालं. बँड वाजला की निघायचं. डोक्याला फेटा, गळ्यात हार असा माणूस वर असला की तो नवरदेव. त्याला थेट मारुतीच्या देवळापुढं न्यायचं आणि तो नारळ फोडून येईपर्यंत पाय हलवायचा नाही. बन्सीनं हे माझ्यात इतकं मुरवलं होतं की वाटेत फटाका फुटला तरी मी फक्त कान हलवायचो.

पंच्याण्णव सालाच्या आसपास आमच्या स्टेशनावर यात्रेकरूंची गर्दी वाढली. उतरले की काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून घ्यायचे आणि धूर सोडत शिर्डीला पसार. ड्रायव्हरच अर्धा दाराबाहेर लोंबकळायचा, मग बाकीच्यांचं काय सांगू. गोदावरीकडं कुणी बघेना. चुकून एखादा वळलाच तर मला विचारायचा, "चावतो का?" आणि उत्तर कळावं म्हणून हात नेमका माझ्या तोंडाशी आणायचा. माणसाला शिकवलं तरी किती शिकवणार.

मग गोरक्षशेठनी मंडळ काढलं. जीपा बऱ्याचशा त्यांच्याच. पाहुण्यांनी गावात अर्धा दिवस थांबावं, नदी बघावी, बेटातली देवळं बघावी आणि नदीही नासू नये, असा बेत. बेत चांगला होता, खोटं कशाला बोलू. फलकावर लिहिलं होतं, 'शाश्वत पर्यटन'. बन्सीनं अर्थ विचारला. शेठ म्हणाले, वर्षानुवर्षं टिकेल असं पर्यटन. बन्सी म्हणाला, "मग टांगाच की वो. माझ्या आज्यापासून टिकलाय."

शेठ हसले नाहीत. टांगा म्हणजे लीद, लीद म्हणजे घाण, असं त्यांचं गणित. वरून एक मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी होकार दिला की पाहुण्यांना जीपमधूनच गाव दाखवायचं आणि स्टेशनासमोरचा टांगा-स्टँड उठवायचा, असं ठरलं.

बन्सीनं घरी येऊन हे सांगितलं. त्याची बायको रंगुबाई एरवी मला दाणा घालताना हात आखडता घेते, त्या दिवशी तिनं ओंजळभर हरभरा जादा टाकला. निरोपाच्या जेवणाचा वास घोड्यालाही कळतो. टांगा गेला की मी बाजारात, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

साहेब आले. फोटोपुरतं त्यांना सजवलेल्या टांग्यात चौकापर्यंत न्यायचं आणि तिथून जीपमध्ये बसवून घाटावर, असं ठरलेलं. मंडळानं त्यांचा रीतसर सत्कार केला. डोक्याला फेटा बांधला, गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला आणि बँडवाल्यांना खूण केली.

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

चौक आला नि गेला. बन्सीनं लगाम ओढला, तरी मी मारुतीच्या गल्लीत वळलो. बँडही लग्नाचाच, तो सवयीनं माझ्या मागं वाजवत आला. बायका दारात आल्या, कुणाचा नवरा म्हणून विचारू लागल्या. साहेबांच्या मिशा पांढऱ्या, तेव्हा दुसरेपणाचा असणार असं एकीनं ठरवूनही टाकलं. म्हातारी चांगुणा तर टांग्याच्या पायरीवर चढली, साहेबांच्या कानशिलांशी कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "उशिरा का हुईना, ठरलं ना बाबा. आता नीट नांदा."

मारुतीपुढं मी थांबलो. साहेब पोट धरधरून हसत होते. बन्सी हात जोडून म्हणाला, "सायेब, नारळ फोडा, त्याबिगर ह्यो हलायचा न्हाई." साहेबांनी नारळ फोडला. करवंटी कुठं टाकावी म्हणून ते देवळामागं गेले आणि तिथंच थबकले.

मागं प्लास्टिकच्या पिशव्यांचा, थर्मोकोलच्या ताटांचा आणि बाटल्यांचा ढीग. आदल्या संध्याकाळी मंडळानं घाट चकाचक केला होता, तो असा, तिथला कचरा इथं आणून टाकून. देवाला पाठीमागचं दिसत नाही, असा त्यांचा हिशोब असावा. आमचं घर शेजारीच, त्यामुळे रंगुबाई सकाळपासून त्यावर तोंड सोडून होती.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटचा शब्द रंगुबाईचा आहे. आमच्या घरी तसंच चालतं. साहेब त्या दिवशी जीपमध्ये बसलेच नाहीत, बेटातली देवळं त्यांनी माझ्या मागं बसून पाहिली. स्टँड राहिला. आता माझे गुडघे कुरकुरतात, चढ आला की मी देखावा बघायच्या निमित्तानं थांबतो. तेव्हा पाहुण्यांनो, स्टेशनावर उतरलात तर जरा दमानं घ्या. टांग्यात बसा, नदी बघा, आपल्या पिशव्या आपल्याच घरी न्या. फक्त फेटा बांधून येऊ नका. मग कुठं पोचाल ते माझ्या हातात नाही.

तर, साहेब ढिगाकडं बघत उभे होते तेवढ्यात शेठची जीप धूर काढत आली. शेठनी ढीग पाहिला नाही, मी देवळापुढं नुकतंच जे केलं होतं ते पाहिलं. बँड थांबला की मला ते होतं.

"बघा साहेब, भर देवळासमोर घाण," शेठ म्हणाले. "म्हणून म्हणतो, हे टांगे बंद करा."

रंगुबाई पाटी घेऊन आली. दोन्ही हातांनी लीद भरली, पाटी कमरेवर घेतली आणि शेठकडं वळली.

"शेठ, माझ्या घोड्याची घाण म्या उचलली. तिचं खत हुईल, खतावर वांगी येत्याल. तुमची घाण मारुतीच्या मागं पडलीय, तिच्यावर काय उगवंल?"