अर्धा दाबलेला खटका

मी एक जुनी ड्रिल मशीन आहे, बॅटरीवर चालणारी. मित्रांनो, माझ्या हिरव्या अंगावर जागोजागी चिकटपट्टी आहे, आणि माझा खटका, म्हणजे बोटाने दाबायचे ते बटण, आतून अर्धाच उरला आहे. माझी कहाणी गोड नाही. गोड काही हवे असेल तर शेजारच्या कॉफीच्या किटलीला विचारा.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मले. तिथल्या तपासनीस बाईने माझा खटका वीस वेळा दाबून पाहिला. हळू दाबला की मी हळू फिरे, पूर्ण दाबला की भन्नाट. इतक्या बारकाईने मला पुन्हा कुणी पाहिले नाही. पहिल्या मालकाने चार तसबिरी टांगल्या आणि मला अंगणात जुन्या सामानासोबत विकायला मांडले. क्युबातून परदेशी आलेल्या एका माणसाने मला तिथून उचलले आणि टॉवेलात गुंडाळून क्युबातल्या हिबारा गावी धाडले, आपल्या भावाकडे, ओव्हिदियो सुताराकडे.

तिथे मी राणी झाले. हिबाराला वीज दिवसातून जेमतेम दोन-चार तास येते, त्यामुळे वायरवाल्या मशिनी मुक्या पडून असतात. चाले ती मी एकटी. मग काय, सारी गल्ली ओव्हिदियोच्या दारात!

"ओव्हिदियो, तुझी हिरवी दे ना. दहा मिनिटांत आणतो."

"ने की! तुझीच समज."

ती दहा मिनिटे तीन-तीन दिवस चालत. बदल्यात कधी मासा येई, कधी कॉफी, आणि कौतुक तर रोजच येई. ओव्हिदियोला ते फार आवडे. मलाही आवडे, खोटे कशाला बोलू?

मला देताना तो एक उपदेश न चुकता करी. "हे बघ, खटका अर्धाच दाबायचा. पूर्ण दाबलास तर चार्जिंग भसकन संपेल, आणि वीज कधी येईल ते देवालाच ठाऊक!"

ऐकायला शहाणपणाचे वाटते, नाही? पण मित्रांनो, खटका तासन् तास अर्धा दाबून मला जाड लाकडात रेटले की तो आतल्या आत तापतो आणि जळू लागतो. मी अडखळले, मध्येच थांबले, जळका वासही सोडला. लोक म्हणाले, "दमली बिचारी," आणि त्यांनी मला सावलीत ठेवले. उघडून कुणीच पाहिले नाही.

शेजारी सोइला मावशी एकट्या राहत. ओव्हिदियोची आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच त्याला भात आणि काळा घेवडा खाऊ घालून वाढवले होते. त्यांच्या छताचे पत्रे खिळखिळे झाले होते आणि खिळे गंजून बाहेर आले होते.

"मावशी, या आठवड्यात स्क्रू मारून पक्के करतो बघ."

"कुठल्या वर्षातल्या आठवड्यात रे?" मावशी हसून विचारीत.

दोन महिने हेच चालले. त्यांचा दिवस उजाडला की मी नेमकी दुसऱ्याच्या घरी असे. परक्याला नाही म्हणायचे ओव्हिदियोच्या जिवावर येई. मावशी घरच्या होत्या, त्या थांबतील हे त्याने गृहीतच धरले होते.

मग रेडिओवर बातमी आली. उद्या संध्याकाळी चक्रीवादळ धडकणार होते. ओव्हिदियो धावत जाऊन मला एका कोळ्याच्या घरून घेऊन आला, मावशींच्या छतावर चढला आणि त्याने खटका दाबला. मी हललेसुद्धा नाही.

समोरचा फेर्मीन पंखे, रेडिओ दुरुस्त करी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने मला स्वयंपाकाच्या टेबलावर उघडून ठेवले. खटक्यातल्या पितळी पट्ट्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या.

"अर्धा दाबायला कुणी शिकवलं रे गावाला?" त्याने विचारले.

मग फेर्मीनने पट्ट्यांमागचा जळका भाग बोटाने दाखवला.

"वेग कमी-जास्त करणारा भाग मेलाय. तो नवा मिळणार नाही. त्याला वगळून सरळ जोड देतो. आता ही फिरली तर पूर्ण वेगानं फिरेल, नाहीतर नाही."

त्याने पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या, तांब्याच्या तारेचा तुकडा डाग देऊन जोडला आणि मला पुन्हा मिटले. मी सुरू झाले. फेर्मीनचे हात चांगले होते, त्याला मी दोष देत नाही.

पण वारा सुटला होता. पत्र्याचा स्क्रू शेवटी हळुवार आवळावा लागतो, आणि मला आता हळुवार येत नव्हते. स्क्रूखालच्या रबरी चकत्या फाटल्या, लाकडातली भोके सैल झाली. निम्मे स्क्रू नुसतेच गरगरत राहिले. मला सगळे कळत होते आणि थांबता येत नव्हते. ओव्हिदियो म्हणाला, "निभेल." मावशींना फेर्मीनच्या पक्क्या घरात नेले.

सकाळी छत नव्हते. गाद्या, पेटी, नवऱ्याचा एकुलता एक फोटो, सगळ्याचा चिखल झाला होता.

"मशीननं दगा दिला, मावशी," ओव्हिदियो रडत म्हणाला.

मावशींनी मला हातात घेतले आणि माझ्यावरचा चिखल पुसला. "हिला कशाला नावं ठेवतोस? ही गावभर राबत होती. तू दोन महिने कुठं होतास?"

त्या भाचीकडे ओल्गीन शहरी गेल्या. जाताना किल्ली मागे ठेवायचा प्रश्नच नव्हता, दार उरले नव्हते.

मित्रांनो, यंत्र अडखळले तर ते दमले म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी उघडून पाहा. आणि ज्यांनी तुम्हाला वाढवले त्यांचे काम आधी करा. मी हे कडवटपणे सांगते आहे, आणि त्याला कारण आहे.

गेल्या आठवड्यात मावशींचा एक पत्रा ओढ्यात सापडला. ओव्हिदियोने तो शेजाऱ्याच्या डुकरांच्या खोपटावर बसवून दिला. भोके माझ्याकडून पाडून घेतली आणि प्रत्येक स्क्रूचे शेवटचे फेरे साध्या पेचकसाने, सावकाश हाताने दिले. सहाही स्क्रू घट्ट बसले. पेचकस त्या दोन महिन्यांतही त्याच्या घरातच होता.