तिसरा शंख

फोलोलेने चटई समुद्राच्या भिंतीवर टाकली आणि एका हाताने पसरली. दगड अजून दिवसभराच्या उन्हाने गरम होते.

"बस. वाऱ्याकडे पाठ कर," ती नातीला म्हणाली.

फिना बसली, पण तिचे डोळे रस्त्यावर होते. पहिला शंख वाजून गेला होता. बायका वाळत घातलेले कपडे ओढून घेत होत्या, पोरं घराकडे पळत होती. दुसरा शंख झाला की सगळं गाव आपापल्या घरात प्रार्थनेला बसणार आणि तिसरा होईपर्यंत रस्त्यावर कुणी दिसता कामा नये. गेल्या महिन्यात एक पोरगा त्या वेळात सायकलवर सापडला, तर त्याच्या घराला दंड म्हणून गावसभेपुढे डुक्कर नेऊन ठेवावं लागलं होतं. तो निर्णय झाला तेव्हा गावातल्या बायकांच्या वतीने मान डोलावणारी फोलोलेच होती.

आणि आज, पहिला शंख होताच घरातले सगळे फोन ज्या टोपलीत जातात, त्या टोपलीतून फिनाचा फोन तिनेच बाहेर काढला होता.

नर्सिंगच्या वर्गाची प्रवेशपरीक्षा फोनवरच द्यायची होती आणि ती आज रात्री बंद होणार होती. सकाळपासून दोनदा पान उघडलं आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर गोठलं. आता एकच संधी उरली होती. परीक्षेपुरती रेंज फक्त या भिंतीवर मिळायची, आणि तिथेही सबंध गाव एका टॉवरला लोंबकळलेलं. दुपारी फिना रडत म्हणाली होती की सगळे फोन बंद असतात अशी दिवसात एकच वेळ आहे, आणि तेव्हा घराबाहेर पडता येत नाही. फोलोले नीरफणसाच्या फोडी चुलीवर उलटत राहिली होती.

दुसरा शंख वाजला. भिंत रिकामी झाली, रस्ता रिकामा झाला. भिंती नसलेल्या घरांमधून चटयांवर बसलेली माणसं दिसू लागली.

"उघडलं," फिना कुजबुजली. "आजी, लगेच उघडलं."

"मग माझ्याकडे काय बघतेस?"

फोलोलेने डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवले. एक भजन तिने एकटीनेच म्हटलं, हळू आवाजात. ती लहान होती तेव्हा पाद्रीबाबांच्या ओसरीत अक्षरांचा एकच तक्ता टांगलेला असायचा. सबंध गावाची पोरं त्याच्यापुढे बसायची, आणि मागे बसणाऱ्याला शेवटची अक्षरं दिसायची नाहीत. ती मागेच बसायची. पुढे ती स्वतः तिथे शिकवू लागली, तेव्हा तिने तक्ता खाली उतरवून पोरांच्या मधोमध जमिनीवर ठेवला होता.

रेतीवर पावलं वाजली. तिने डोळे उघडले नाहीत. ही चाल तिच्या ओळखीची होती. पेनी, तिच्या बहिणीचा मुलगा. त्या जमिनीवरच्या तक्त्यापुढे बसलेला. आता पहाऱ्याची काठी त्याच्या हातात असायची आणि तिसरा शंखही तोच वाजवायचा.

पावलं थांबली. फिनाचा अंगठा काचेवर थबकला.

फोलोलेने भजनातून थेट प्रार्थनेत पाऊल टाकलं. प्रार्थना करणाऱ्या माणसाला कुणी अडवत नाही.

"देवा," ती म्हणाली, "आम्ही आज घराबाहेर बसलो आहोत, हे तुला दिसतंय. शंखाने वाटेत गाठलं असं मी सांगणार नाही. मी ठरवून आले. पोरीचा यात दोष नाही."

रेतीवर एक पाऊल हललं, पुन्हा थांबलं.

"पोरीची परीक्षा चालू आहे. पुन्हा मिळणार नाही. तिसरा शंख झाला की गावातले सगळे फोन टोपल्यांमधून बाहेर येतील, आणि मग हिचं पान जागच्या जागी थिजेल. तुला हे माहीत आहेच. तरी सांगितलेलं बरं."

फिनाचा अंगठा पुन्हा हलू लागला.

मग फोलोलेने आजाऱ्यांसाठी मागितलं, न्यूझीलंडच्या बागांत सफरचंदं तोडणाऱ्या आपल्या मुलासाठी मागितलं, होडीवर असलेल्यांसाठी मागितलं. तिच्या लांबलेल्या प्रार्थनेत जेवण गार होतं, असं घरात सगळे म्हणत. घरांमधली भजनं एकेक करून संपली. कुठेतरी भांड्यावरचं झाकण वाजलं. एका पोराने मोठ्याने विचारलं, शंख का नाही वाजत? त्याला कुणीतरी दटावलं. एवढी शांतता गावात कधी नसायची. सगळे उठण्याच्या बेतात बसलेले.

फोलोलेकडे मागण्यासारखं काही उरलं नाही. तिने मेलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली, आपल्या आजीपासून. पेनीच्या आईचं नाव आलं तेव्हा काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला.

फिनाने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"गेलं. पोचलं," ती म्हणाली.

"आमेन," फोलोले म्हणाली आणि तिने डोळे उघडले.

पेनी पाठमोरा, समुद्राकडे तोंड करून उभा होता. त्याने शंख ओठांना लावला. लांब, एकसारखा फुंकला. गावात एकदम हालचाल उसळली. दिवे, हाका, आणि घराघरांतून फोन सुरू झाल्याचे बारीक आवाज.

"उद्या सभेत विचारतील मला," तो तसाच पाठमोरा म्हणाला.

"माझं नाव सांग. मी येईन."

"मावशी, शंखाचं विचारतील."

फोलोले चटई गुंडाळता गुंडाळता थांबली.

"मग काय सांगशील?"

पेनीने शंख उलटा केला आणि तळहातावर दोनदा आपटला.

"वाळू अडकली होती," तो म्हणाला.

त्याचा तळहात रिकामाच होता.