गुण येतो का?

"तुझं औषध लागू पडलं बाई. झोप लागती आता," असं धनश्रीचे वडील, आप्पा, फोनवर म्हणाले आणि तिने लगेच गावाकडे निघायची तयारी केली. कारण तिने कुठलंही औषध पाठवलेलं नव्हतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत वीस-बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. गांजातली द्रव्यं वेदनेवर काय करतात ते तपासायचं, आधी उंदरांवर, मग माणसांवर. गावी, बेलापुरात मात्र पुंजारामआप्पांनी गांजाचं नाव कधी काढलं नाही. लेक काय करते असं कुणी विचारलं की "औषधाचं कायतरी" म्हणून ते कांद्याच्या भावावर घसरायचे. तिला मात्र दरवेळी एकच विचारायचे, "गुण येतो का न्हाई, तेवढं सांग." ती म्हणायची, "काहींना येतो, आप्पा. पण कितपत, ते अजून..." आप्पा हात झटकायचे. एवढं शिकून साधं हो-नाही सांगता येईना याचा त्यांना राग यायचा, आणि खरं सांगायचं तर तिलाही.

यंदा आप्पांना नागीण झाली. फोड सुकले, पण बरगडीची आग काही जाईना. सदरा अंगाला लागला तरी ओरडायचे, म्हणून उघडेच बसायचे. गोळ्यांनी नुसती गुंगी. धनश्रीची सगळी विद्या नेमकी याच दुखण्यावरची, पण चाचणीतल्या औषधाचा एक थेंब बापासाठी आणायची सोय नव्हती. मग हे आलं कुठून?

श्रीरामपूरला एसटीतून उतरून तिने रिक्षा केली आणि घरी आल्या आल्या मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात शिरली. आप्पांची बहीण आक्काबाई पाट्यावर हिरवं काहीतरी वाटत होती. शेजारी पानांचा ढीग. पंजासारखी, कातरलेल्या कडांची पानं.

"आत्या! गांजा? अगं, तुरुंगात जाशील!"

"हळू बोल." आत्याने दार लोटलं. "खाऊन बघ एक."

धनश्रीने पान चावलं. आंबट!

"अंबाडी?"

"मग काय गांजा आनू व्हय या वयात? शेतकऱ्याची लेक तू, अंबाडी वळखंना तुला!" आत्याला हसू आवरेना. मग तिचा आवाज उतरला. "रोज म्हनायचा, पोरीचं औषध मागव. त्याच्या जिभेला चव न्हाई ऱ्हायली. गूळ घालून दिलं, म्हनलं धनश्रीनं धाडलंय. पैल्याच दिशी झोपला गं."

धनश्रीने उरलेलं पान ढिगावर टाकलं. चाचणीत निम्म्या लोकांना ती औषधाच्या नावाखाली नुसत्या तेलाचे थेंब द्यायची. त्यातल्याही कितीतरी जणांना बरं वाटायचं, आणि तेवढं ती हिशेबातून वजा करून टाकायची. आता आपला बाप वजा करायचा? आग गेली की नाही? गेली असेल तर कशाने गेली?

"बाई, आलीस का?" बाहेरच्या ओट्यावरून आप्पांची हाक आली.

ती बाहेर आली. आप्पांच्या अंगात सदरा होता, इस्त्रीचा. शेजारचे भागवतराव चहा पीत बसले होते.

"भागवता, ही माझी धनश्री. गांजावर संशोधन करती. लई मोठं काम हाय तिचं." आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी तो शब्द चारचौघांत उच्चारला. "ह्याला पटंना. आता तूच सांग बाई, तुझ्या औषधाला गुण येतो का न्हाई?"

तिच्या तोंडात अजून आंबट चव होती. खरं सांगितलं तर उद्या तो सदरा उतरेल. "काहींना" हा शब्द जिभेवर आलाच होता. तो तिने गिळला.

"येतो," ती म्हणाली.

"ऐकलंस?" आप्पांनी भागवतरावांच्या मांडीवर थाप मारली. "मग आज तुझ्या हातनं दे, पोरी."

ती आत गेली, आत्याला बाजूला सारून पाट्याशी बसली आणि वरवंटा हातात घेतला.

"आत्या," तिने हळूच विचारलं, "गूळ किती घालतेस?"